संगणक-निवडीची रूपके : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

लॅपटॉपची खरेदी हा आज महाविद्यालयीन अध्यापकाच्या व्यावसायिक जीवनातील एक अटळ व्यवहार झाला आहे. शोधनिबंधाचे लेखन, प्रश्नपत्रिका, मूल्यांकनाचे अहवाल, वर्गातील सादरीकरण ही सर्व कामे या एका यंत्रावर येऊन स्थिरावली आहेत. यंत्र घेताना विंडोज, मॅक आणि लिनक्स या तीन कार्यप्रणालींपैकी एकीची निवड करावी लागते. वस्तुतः हा प्रश्न किंमत, उपयुक्तता आणि टिकाऊपणा यांचा आहे. परंतु त्याविषयीची चर्चा सहसा या भाषेत होत नाही. ती निष्ठा, अभिरुची आणि प्रतिष्ठा यांच्या भाषेत होते. घरात धुलाई यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यावरून कोणी आपली ओळख सांगत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र 'मॅकवाले' आणि 'विंडोजवाले' असे गट पडतात आणि यंत्राविषयीची चर्चा बघता बघता माणसांविषयीची होते.

हे परिवर्तन कसे घडते, याचे उत्तर तंत्रज्ञानात शोधण्यापेक्षा भाषेत शोधणे अधिक फलदायी ठरेल. प्रस्तुत निबंधात त्यासाठी तीन संहितांचा विचार केला आहे : उंबेर्तो एको यांचा १९९४ मधील इटालियन ललित लेख, नील स्टीफन्सन यांचा १९९९ मधील दीर्घ निबंध आणि ॲपल कंपनीची २००६ ते २००९ या काळातील 'गेट अ मॅक' ही जाहिरातमाला. पहिल्या संहितेने संगणकाला धर्म मानले, दुसरीने वाहन मानले आणि तिसरीने त्याला साक्षात माणूस करून उभे केले. या तीन रूपकांनी काय दाखवले आणि काय झाकले, याची तपासणी करणे व मराठीतून लेखन-अध्यापन करणाऱ्या अध्यापकासाठी त्यातून काय निष्पन्न होते ते पाहणे, हा या निबंधाचा हेतू आहे.

१. धर्माचे रूपक

चिन्हमीमांसेचे अभ्यासक आणि कादंबरीकार उंबेर्तो एको (१९३२-२०१६) हे 'लेस्प्रेसो' या इटालियन साप्ताहिकात नियमित सदर लिहीत. त्या सदरातील सप्टेंबर १९९४ च्या एका लेखात त्यांनी मॅकिंटॉश आणि डॉस यांच्यातील भेद हा एक नवे धर्मयुद्धच असल्याचे विनोदाने मांडले. त्यांच्या मते मॅकिंटॉश हा कॅथलिक आहे. तो भक्ताला पायरीपायरीने हाताशी धरून नेतो, चित्रे व खुणा यांच्या आधारे मार्ग दाखवतो आणि मुक्ती सर्वांनाच मिळेल असे आश्वासन देतो. डॉस मात्र प्रॉटेस्टंट, त्यातही कॅल्विनपंथी आहे. तो ग्रंथाचा अर्थ ज्याने त्याने लावावा असे म्हणतो, कठीण निर्णय व्यक्तीवर सोपवतो आणि सर्वांनाच मुक्ती मिळणार नाही हे गृहीत धरतो. विंडोजच्या रूपाने आलेली तडजोड एकोंना अँग्लिकन पंथासारखी वाटते. वर मंदिरातील थाटमाट, पण आत कधीही डॉसकडे परतण्याची सोय.

या लेखाचे मोल त्यातील विनोदात आहे तितकेच त्यामागच्या निरीक्षणात आहे. साधनाची रचना ही वापरणाऱ्याच्या विचारपद्धतीला वळण लावते, ही जाणीव एकोंनी एका हलक्याफुलक्या लेखात रुजवली. आज्ञा टंकलिखित करून काम करणारा माणूस आणि चित्रावर बोट ठेवून काम करणारा माणूस यांचे यंत्राशी असलेले नाते निराळे असते. वारकऱ्याची भक्ती आणि वेदान्त्याचे ज्ञान यांतील भेद परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे सहज उमजते.

मात्र विनोद म्हणून जे शोभते तेच पुढे गांभीर्याने स्वीकारले गेले, तर त्याचे दोष उघडे पडतात. धर्म हा बहुधा जन्माने मिळतो आणि धर्मांतर ही आयुष्यातील मोठी घटना असते. संगणकाच्या निवडीला धर्म म्हटले की प्रणाली बदलणे हा द्रोह ठरतो व चौकशी करणे ही अश्रद्धा ठरते. शिवाय, एकोंच्या भेदाचा पाया पुढे राहिला नाही. २००१ मध्ये आलेली मॅक ओएस टेन ही प्रणाली युनिक्सच्या परंपरेवर उभी होती. म्हणजे एकोंच्या 'कॅथलिक' यंत्राच्या गाभाऱ्यातच आज्ञा टंकलिखित करण्याची खिडकी आली. रूपक स्थिर राहिले, पण ज्याचे ते रूपक होते ती वस्तू बदलली.

२. वाहनाचे रूपक

अमेरिकन कादंबरीकार नील स्टीफन्सन यांचा 'इन द बिगिनिंग... वॉज द कमांड लाइन' हा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका चौकात शेजारी शेजारी असलेल्या वाहनविक्रेत्यांचे रूपक आहे. एक मोठा विक्रेता आहे. त्याने आरंभी साध्या दुचाकी विकल्या व नंतर बोजड कौटुंबिक गाड्या विकू लागला. हा मायक्रोसॉफ्ट. दुसऱ्याकडे देखण्या पण पूर्ण बंदिस्त गाड्या आहेत, ज्यांच्या आत काय चालते ते कळत नाही. हा ॲपल. आणि रस्त्याच्या कडेला स्वयंसेवकांची एक छावणी आहे. तेथे अत्यंत मजबूत रणगाडे बांधून फुकट ठेवले आहेत, किल्ली आतच आहे, कोणीही घेऊन जावे. हे लिनक्स. गिऱ्हाईक मात्र रणगाड्याकडे पाहतही नाही, कारण त्याची देखभाल आपल्याला जमणार नाही अशी त्याची समजूत असते.

एकोंच्या तुलनेत स्टीफन्सन यांचे रूपक अधिक वास्तवदर्शी आहे. त्यात बाजार आहे, किंमत आहे, सवय आहे आणि देखभालीची भीतीही आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य असूनही लॅपटॉपवर सर्वदूर का पोहोचली नाही, याचे एक मार्मिक उत्तर त्यात सापडते. पुढे २००४ मध्ये स्टीफन्सन यांनी स्वतः मॅक ओएस टेनचा स्वीकार केल्याचे आणि आपल्या निबंधातील बराच भाग कालबाह्य झाल्याचे मोकळेपणाने मान्य केले. रूपकाचा कर्ताच त्यातून बाहेर पडला, ही गोष्ट निष्ठेच्या भाषेपेक्षा निश्चितच निकोप आहे.

असे असले तरी या रूपकात एक मूलभूत उणीव राहते. कोणतेही वाहन घेतले तरी रस्ता सर्वांसाठी एकच असतो. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा महामार्ग गाडीची कंपनी विचारत नाही. संगणकाच्या जगात मात्र रस्तेच वेगवेगळे असू शकतात. एका प्रणालीवर तयार केलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीवर उघडेलच असे नाही, आणि उघडला तरी तो वाचता येईलच असे नाही. दस्तऐवजांच्या स्वरूपाविषयी आंतरराष्ट्रीय पातळीवर झालेला वाद याचीच साक्ष देतो. 'ओपन डॉक्युमेंट' हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. मायक्रोसॉफ्टने पुढे केलेल्या 'ऑफिस ओपन एक्सएमएल' या स्वरूपाला २००८ मध्ये तशी मान्यता मिळाली, तेव्हा भारताने विरोधी मत दिले होते. हा वाद गाड्यांचा नव्हता, रस्त्यांचा होता. वाहनाचे रूपक नेमका हाच प्रश्न दृष्टीआड करते.

३. व्यक्तीचे रूपक

'गेट अ मॅक' ही जाहिरातमाला मे २००६ मध्ये सुरू झाली व २००९ पर्यंत चालली. अमेरिकेत तिचे ६६ भाग प्रसारित झाले. रचना अतिशय साधी होती. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर दोन पुरुष उभे असत. जस्टिन लाँग हा तरुण नट साध्या कपड्यांत स्वतःची ओळख मॅक म्हणून करून देई, तर सूट व चष्मा घातलेला जॉन हॉजमन स्वतःला पीसी म्हणवी. विषाणूंनी पीसीला सर्दी झालेली आहे, त्याच्यामागे एक पहारेकरी उभा असून तो प्रत्येक वाक्याला परवानगी मागतो आहे, असे प्रसंग त्यात होते. यातील काही टीका साधार होती. त्या काळात विंडोजवर विषाणूंचा उपद्रव मोठा होता आणि विस्टा या आवृत्तीतील वारंवार परवानगी विचारणारी व्यवस्था वापरणाऱ्यांना खरोखर जाचक वाटत होती.

परंतु जाहिरातमालेचा मुख्य प्रभाव या टीकेत नव्हता, तो पात्ररचनेत होता. येथे संगणक हे माणसाचे साधन उरत नाही. संगणकच माणूस होतो आणि ग्राहकाला विचारले जाते : या दोघांपैकी तू कोण? पीसीला हिशेब, तक्ते आणि आलेख यांत रस आहे. मॅकला छायाचित्रे, संगीत आणि चित्रफिती आवडतात. म्हणजे कचेरीतील श्रम हे हास्यास्पद आणि फुरसतीतील निर्मिती ही आकर्षक, अशी मूल्यव्यवस्था या पांढऱ्या पार्श्वभूमीवर गुपचूप उभी राहते. पगारपत्रक तयार करणारा लिपिक आणि वार्षिक अहवालाचे तक्ते भरणारा अध्यापक हे दोघेही या मूल्यव्यवस्थेत पीसीच्या बाजूला ढकलले जातात.

या रूपकाची आणखी एक विसंगती लक्षणीय आहे. ज्या वर्षी ही जाहिरातमाला सुरू झाली त्याच २००६ साली ॲपलने आपल्या संगणकांत इंटेल कंपनीचे प्रोसेसर बसवले. त्यामुळे मॅकवर विंडोज चालवणेही शक्य झाले आणि त्यासाठीची 'बूट कॅम्प' ही सोय ॲपलनेच त्याच वर्षी दिली. तात्पर्य, दोन यंत्रांची शरीरे जेव्हा एकमेकांच्या सर्वाधिक जवळ आली, तेव्हाच त्यांच्या स्वभावांतील भेद सर्वाधिक गडद करून सांगण्यात आला. वस्तूतील भेद कमी होतो तेव्हा प्रतिमेतील भेद वाढवावा लागतो, हा जाहिरातशास्त्राचा नियम येथे स्पष्ट दिसतो.

हे रूपक सार्वत्रिकही नव्हते. जपानमध्ये हीच मालिका स्थानिक विनोदी जोडीकडून करवून घेताना तिचा स्वर सौम्य करावा लागला, कारण स्पर्धकाचा उघड उपहास तेथील शिष्टाचारात बसत नव्हता. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये दिलेल्या प्रत्युत्तरात नाना व्यवसायांतील माणसे स्वतःला अभिमानाने पीसी म्हणवताना दिसली. २००९ च्या 'लॅपटॉप हंटर्स' या मालिकेत तर किंमत हाच मुद्दा होता. ठरावीक रकमेत हवा तसा लॅपटॉप मिळवून दाखवायचा, असे तिचे स्वरूप होते. तिच्या पहिल्या भागात एक तरुणी ॲपलच्या दुकानातून बाहेर पडते आणि मॅक घेण्याइतकी आपण आधुनिक नसू, असे काहीसे उपरोधाने म्हणते. किंमतीवर बोलणाऱ्या जाहिरातीलाही अखेर व्यक्तीच्या रूपकाचाच आश्रय घ्यावा लागला, यातच त्या रूपकाचे यश आणि आपत्ती दोन्ही आहेत. पुढे २०२१ मध्ये इंटेलने त्याच जस्टिन लाँग यांना आपल्या जाहिरातींत घेऊन पीसीची बाजू मांडायला लावली. मॅकचा चेहरा भाड्याचा होता, हे कालांतराने सर्वांनाच दिसले.

४. तिन्ही रूपकांतील समान गृहीतक

वरवर पाहता ही तीन रूपके परस्परांहून भिन्न आहेत. एक आध्यात्मिक आहे, दुसरे व्यापारी आहे आणि तिसरे नाट्यात्म आहे. तथापि त्यांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. तिन्ही ठिकाणी प्रश्न दोघांतच मिटतो : माणूस आणि यंत्र. भक्त आणि धर्म, चालक आणि वाहन, ग्राहक आणि त्याची प्रतिमा. या जोडीत तिसरा घटक कोठेही नाही. तो घटक म्हणजे यंत्रावर तयार होणारा दस्तऐवज.

लॅपटॉपचे आयुष्य सामान्यतः काही वर्षांचे असते. त्यावर लिहिलेल्या प्रबंधाचे, संपादित ग्रंथाचे किंवा लोकगीतांच्या संकलनाचे आयुष्य त्याहून कितीतरी दीर्घ असावे अशी अपेक्षा असते. यंत्र बदलते आणि मजकूर उरतो. म्हणून अध्यापकाच्या दृष्टीने निवडीचा पहिला प्रश्न 'मी कोण आहे' हा नसून 'माझा मजकूर उद्या कोण वाचू शकेल' हा आहे. इंग्रजीतून लिहिणाऱ्याला हा प्रश्न फारसा जाणवत नाही, कारण रोमन लिपीचे संकेत सर्वच यंत्रांत फार पूर्वीपासून समान आहेत. एको आणि स्टीफन्सन या दोघांनाही तो जाणवला नाही, यात त्यांचा दोष नाही. मराठीत मात्र तो टाळता येत नाही.

५. मराठी संहितेचा प्रश्न

मराठीतील संगणकीय लेखनाचा पूर्वेतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु छपाईच्या व्यवहारात प्रदीर्घ काळ निराळीच पद्धत रूढ राहिली. निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. पडद्यावर मराठी दिसे, पण फाईलमध्ये साठवलेली असत ती रोमन अक्षरांची संकेतचिन्हे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की अर्थहीन चिन्हांची रास समोर येई. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि तो महाजालावर सापडतही नाही.

महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बद्ध होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना त्यांची किल्ली सापडेपर्यंत मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरील वाचकांना बंद होते. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या प्रबंधांची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. भेद इतकाच की महानुभावांनी आपले ग्रंथ पंथाच्या रक्षणार्थ हेतुपूर्वक गुप्त केले, तर येथे हे गुप्तीकरण कोणाच्याही इच्छेविना, केवळ बाजारातील स्पर्धेतून घडले.

या काळात प्रणालीच्या निवडीलाही आपोआप दिशा मिळाली. फॉन्टच्या आज्ञावल्या, मुद्रणालयातील पेजमेकर आणि शासकीय कचेऱ्यांतील नमुने हे सारे प्रामुख्याने विंडोजवर होते. पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मधील आहे, तरीही तिच्यावर बेतलेल्या फाईली कित्येक मुद्रणालयांनी पुढे वर्षानुवर्षे जपल्या. त्यामुळे मराठी अध्यापकाने विंडोज निवडले असे म्हणण्यापेक्षा त्याच्या फाईलींनी त्याच्यासाठी विंडोज निवडले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. हे ना धर्माने घडले, ना अभिरुचीने.

निवड बदलता येते याचे उदाहरण केरळात आहे. तेथील 'आयटी@स्कूल' हा शासकीय शाळांचा उपक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत त्याने मुक्त आज्ञावलीचा, म्हणजे लिनक्सवर आधारित प्रणालीचा, अंगीकार केला. स्टीफन्सन यांच्या रस्त्याकडेच्या रणगाड्यात शाळकरी मुले बसली आणि त्यांनी तो चालवला. देखभालीचे प्रशिक्षण सार्वजनिक यंत्रणेने दिले, तर भीतीचे कारण उरत नाही, हा त्याचा अर्थ आहे.

आज युनिकोडमुळे तिन्ही प्रणालींवर मराठी लिहिता-वाचता येते आणि इन्स्क्रिप्ट हा कळफलकही तिन्हींवर उपलब्ध आहे. 'ॲ' या मराठीला आवश्यक असलेल्या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेत मिळाला. म्हणजे जी भिंत विंडोजभोवती उभी होती ती नव्या मजकुरापुरती पडली आहे. जुन्या मजकुरापुरती मात्र ती अजून उभी आहे.

६. निकषांची भाषा

रूपके बाजूला ठेवून यंत्राची निवड कोणत्या भाषेत करता येते, याचा एक जुना भारतीय दाखला आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी अशा होत्या : यंत्र हलके व सहज हलवता येण्याजोगे असावे. खेड्यातील झोपडीत ते चालावे. एका स्त्रीला सलग आठ तास फारसे कष्ट न होता त्यावर काम करता यावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते किमान वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. या अटींत ते यंत्र वापरणारी स्त्री आधुनिक आहे की जुनाट, याविषयी अवाक्षर नाही. तिचे श्रम, तिचे घर आणि तिची ऐपत यांचा मात्र पूर्ण विचार आहे.

ॲपलने १९९७ मधील 'थिंक डिफरंट' या जाहिरातमालेत महात्मा गांधींची प्रतिमा वापरली होती. तेथे गांधी हे वेगळेपणाचे प्रतीक म्हणून आले. यंत्राविषयी गांधींनी घातलेल्या अटी मात्र त्या प्रतिमेबरोबर आल्या नाहीत. आज त्या अटी लावून पाहिल्यास कोणतीही कंपनी निर्दोष ठरत नाही. २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवरील लॅपटॉपमध्ये स्मृतीची क्षमता नंतर वाढवता येत नाही. विंडोजवरील अनेक सडपातळ लॅपटॉपचीही तीच स्थिती आहे. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि सुस्थितीतील कित्येक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्याने अडचणीत आली. अशा यंत्रांना लिनक्स जीवदान देऊ शकते. परंतु टॅलीसारखी लेखापालनाची आज्ञावली ज्यांना अनिवार्य आहे त्यांना विंडोज टाळता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. संगणक-निवडीविषयीची धर्म, वाहन आणि व्यक्ती ही तीन प्रभावी रूपके माणूस व यंत्र यांच्यापुरतीच मर्यादित आहेत. दस्तऐवजाचे भवितव्य त्यांच्या कक्षेत येत नाही.

२. वस्तूंमधील प्रत्यक्ष भेद कमी होत असताना प्रतिमांमधील भेद वाढवला जातो. २००६ मधील घडामोडी याचे ठळक उदाहरण आहेत. त्यामुळे प्रतिमेवरून केलेली निवड ही विवेकी निवड ठरत नाही.

३. मराठी अध्यापकाने निवडीपूर्वी आपल्या फाईली तपासणे अगत्याचे आहे. जुन्या फॉन्टमधील लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करून आणि ते बारकाईने वाचून घेतल्याशिवाय जुने यंत्र निकालात काढणे धोक्याचे आहे. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द नव्या यंत्रावर लिहून, दुसऱ्या प्रणालीवर उघडून व छापून पाहणे ही साधी कसोटी विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलकी आहे.

४. त्यानंतर अनिवार्य आज्ञावली, सुरक्षा-अद्ययावतीकरणाची उर्वरित वर्षे, दुरुस्तीची स्थानिक सोय आणि एकूण खर्च हे निकष याच क्रमाने लावावेत. आवडीनिवडीला स्थान आहे, पण ते यानंतरचे आहे.

५. महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी प्रबंध आणि नियतकालिके युनिकोडमध्ये व खुल्या स्वरूपात जतन करण्याचे धोरण स्वीकारल्यास अध्यापकाची निवड खऱ्या अर्थाने मुक्त होईल. तोवर, आपण निवड केली असे वाटत असताना बहुधा निवड आधीच झालेली असते.

मराठीच्या विद्येने आजवर मोडीच्या रुमालांचे आणि पोथ्यांचे वाचन पुढील पिढ्यांसाठी कष्टाने साध्य केले आहे. गेल्या काही दशकांत याच भाषेत लिहिले गेलेले प्रबंध वाचण्यासाठी पुढच्या पिढीला पुन्हा लिपीची किल्ली शोधावी लागू नये, ही जबाबदारी कोणत्याही कार्यप्रणालीची नाही. ती लिहिणाऱ्यांची आहे.